शॉकअप आरामासाठी नव्हे, पकडीसाठी



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारताना गावाच्या आधी एक प्रश्न येतो : घाटावरचे की घाटाखालचे? बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आणि ती उतरणारे राजूर, बोथा यांसारखे घाट. सायकल चालवणाऱ्याला ही भूगोलाची ओळख पायांतून झालेली असते. घाट चढताना दम लागतो, पण दमाने कोणी पडत नाही. पडतो तो उतरताना. म्हणून आज बोलायचे आहे ते उतारावर कामाला येणाऱ्या एका वस्तूविषयी, म्हणजे सायकलच्या शॉकअपविषयी.

पूर्वी शॉकअप म्हटले की मोटारसायकल आठवायची. पुढे ‘डबल शॉकअप’च्या सायकली गल्लोगल्ली दिसू लागल्या. आता डोंगरउतारासाठी खास बनवलेल्या सायकलीही आपल्या देशात मिळतात. त्यांचे चाक धक्क्यासरशी १५० ते १७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वर सरकू शकते. या सरकण्याला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. केवळ उतारशर्यतीच्या सायकलींना तो २०० मिलिमीटरपर्यंतही असतो. किमती लाखांत जातात. पण एवढे पैसे मोजून आणलेली सायकलही दुकानातून जशी आली तशीच चालवली, तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. कारण दुकानदाराला, कारखान्याला तुमचे वजन ठाऊक नसते.

मुळात शॉकअप कशासाठी? बहुतेक जण सांगतील, धक्के बसू नयेत म्हणून. हे खरे, पण दुय्यम आहे. शॉकअपचे पहिले काम चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे होय. ताशी २५ किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. दगडावरून उसळलेले चाक सेकंदाचा तिसरा हिस्सा जरी अधांतरी राहिले, तरी सव्वादोन मीटर अंतर असे गेले की त्या चाकाला ब्रेकही नाही आणि वळणही नाही. ब्रेक कितीही चांगले असोत, हवेत फिरणाऱ्या चाकाला ते काय थांबवणार? तेव्हा शॉकअप म्हणजे गादी नव्हे. तो चाकाला जमिनीची साथ सोडू न देणारा हात आहे.

या हाताला दोन बोटे असतात. एक स्प्रिंग आणि दुसरा डॅम्पर. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून मांडला : जेवढा भार, तेवढी ती दबते. पण नुसती स्प्रिंग दबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे नाचणे थांबवायला काहीतरी घर्षण लागते. ट्रकचा कमानपाटा पाहा. त्याची पाने एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच उसळी थोडी मरते. सायकलच्या चांगल्या शॉकअपमध्ये हे काम तेल करते. बारीक छिद्रांतून तेल ढकलावे लागते, त्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो. तो डॅम्पर.

सायकलला हे सारे फार उशिरा लाभले. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला, तोच सायकलचा पहिला शॉकअप म्हणायचा. १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरउताराच्या शर्यती सुरू केल्या. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या सायकलींना शॉकअप नव्हता. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा पुढचा चिमटा बाजारात आला. त्याचा ट्रॅव्हल जेमतेम पाच सेंटीमीटर होता. आजच्या सायकलींत त्याच्या तिप्पट असतो. आणि ट्रॅव्हल जितका मोठा, तितकी चुकीच्या जुळवणीची किंमतही मोठी.

आता प्रत्यक्ष जुळवणीकडे वळू. पहिली पायरी हवेची. आजच्या बहुतेक चिमट्यांत आणि मागच्या शॉकमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी कोंडलेली हवा असते. तिचा दाब मोठा असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा भरतो. मागच्या शॉकमध्ये ती २०० च्याही पुढे जाऊ शकते. म्हणून पंक्चरच्या दुकानातला पंप येथे चालत नाही. त्यासाठी बारीक नळीचा, काटा लावलेला वेगळा शॉकपंप मिळतो. तो सायकलीबरोबरच घ्यावा. चिमट्यावर किंवा माहितीपुस्तिकेत वजनानुसार दाबाचा तक्ता असतो, तेथून सुरुवात करावी. लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीही जाऊ नये.

किती हवा हवी हे काटा सांगत नाही, ‘सॅग’ सांगतो. सॅग म्हणजे स्वार नुसता उभा राहिल्यावर शॉकअप किती बसतो ते. तुम्ही म्हणाल, बसूच कशाला द्यायचा? कारण चाकाला वर जसे जावे लागते, तसे खालीही जावे लागते. पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीत चाक उतरते तेव्हा शॉकअप उघडून त्याला खाली पोचवतो. आधीच थोडा बसलेला नसेल, तर उघडणार कोठून?

सॅग मोजायला एक सोबती लागतो. हेल्मेट, पाण्याची पिशवी, जे काही घालून आपण निघतो ते सगळे अंगावर असावे. कम्प्रेशनची खिटी मोकळी ठेवावी. हवा भरल्यावर शॉकअप दहा-पंधरा वेळा दाबावा, म्हणजे आतल्या दोन कप्प्यांतला दाब सारखा होतो. मग दाब पुन्हा पाहावा. सोबत्याने सायकल धरावी आणि आपण पायडलवर, उताराला उभे राहतो तसे गुडघे-कोपर किंचित वाकवून उभे राहावे. नळीवर एक रबरी कडी असते. ती सोबत्याने सीलपर्यंत सरकवावी. मग धक्का न देता हळूच उतरावे आणि कडी किती दूर गेली ते पट्टीने मोजावे.

पुढच्या चिमट्यासाठी साधारण २० टक्के सॅग धरतात. चिमट्याचा ट्रॅव्हल १७० मिलिमीटर असेल, तर कडी ३४ मिलिमीटरवर यायला हवी. मागे साधारण ३० टक्के. पण येथे लक्षात ठेवा, मागे मोजायची ती शॉकच्या दांड्याची चाल, चाकाची नव्हे. दांडा ६५ मिलिमीटर सरकणारा असेल, तर साडेएकोणीस. कडी जास्त सरकली तर हवा वाढवा, कमी सरकली तर सोडा. मागे हवेऐवजी लोखंडी स्प्रिंग असेल आणि तिची कडी दोनेक फेरे आवळूनही माप जुळत नसेल, तर स्प्रिंगच बदलावी. कडी आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सायकल उंच होते. हा गैरसमज मोटारसायकलवाल्यांतही सर्रास आढळतो.

दुसरी पायरी रिबाउंडची. दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडावा, हे ठरवणारी ही चावी. ती बहुधा लाल रंगाची असते आणि पुष्कळदा तिच्यावर ससा आणि कासव काढलेले असतात. सशाकडे फिरवली की शॉकअप झटकन उघडतो, कासवाकडे फिरवली की सावकाश. सारे टोकाचे प्रकार येथे वाईट. फार चपळ असेल तर प्रत्येक दगडानंतर सायकल उसळते आणि स्वाराला हँडलवरून पुढे ढकलते. फार मंद असेल तर एका दगडातून सावरण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा. शॉकअप थोडाथोडा खालीच बसत जातो आणि शेवटी दगडासारखा कडक लागतो. गंमत अशी, की अशा वेळी स्वाराला वाटते शॉकअप कडक आहे आणि तो हवा सोडतो. रोग एक, औषध दुसरे!

चावी प्रथम मधोमध ठेवा. सीटवर बसून ओट्याच्या एका बुटक्या पायरीवरून सावकाश खाली उतरा. मागचा शॉकअप दबून एकदाच वर येऊन स्थिरावला, तर ठीक. दोन-तीनदा डोलला, तर कासवाकडे एक-दोन टिचक्या फिरवा. पुढचा चिमटा हातांनी जोरात दाबून सोडा. तो पटकन वर यावा, पण चाक जमिनीवरून उडू नये. जड स्वाराला हवा जास्त लागते, जास्त हवा जोरात उसळते, म्हणून त्याला चावी अधिक कासवाकडे लागते. वजन वाढले की दोन्ही बदलायचे, हे सूत्र.

तिसरी पायरी कम्प्रेशनची, म्हणजे दबण्याच्या वेगाची. हिची घाई नको. आधी मोकळी ठेवून नेहमीच्या उतारावर जाऊन या आणि रबरी कडी कोठवर गेली ते पाहा. सर्वांत मोठ्या धक्क्याला ती जवळजवळ टोकापर्यंत जायला हवी. कधीच तिकडे फिरकत नसेल, तर जो ट्रॅव्हल विकत घेतला तो वापरातच नाही. वारंवार टोकाला आपटत असेल, तर सॅग तपासा. सॅग बरोबर असूनही आपटत असेल, तर हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे घालून शेवटचा भाग कडक करता येतो. ब्रेक दाबताच पुढचा भाग खाली बुडत असेल, तेव्हा कम्प्रेशन थोडे आवळावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे ऊन. हवा तापली की तिचा दाब वाढतो. जानेवारीच्या पहाटे १० अंश तापमानात चिमट्यात ८० पीएसआय हवा भरली आणि मे महिन्यात घाटाखालच्या ४३ अंशांत तीच सायकल काढली, तर एक कणही हवा न भरता काटा ९१ च्या आसपास जाईल. म्हणजे हिवाळ्यात मऊ असलेला चिमटा उन्हाळ्यात कडक! ऋतू बदलला की सॅग पुन्हा मोजावा. सायकल भर उन्हात उभी करून लगेच मोजू नये. टायरची हवाही मोजण्याआधी नेहमीएवढी करून घ्यावी, नाहीतर दोष कोणाचा हे कळणार नाही.

सर्वांत उपयोगाचे अवजार मात्र दहा रुपयांची वही आहे. दाब, सॅग, चावीच्या टिचक्या, तारीख लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच तुकड्यावरून पुन्हा जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की फरक कशाने पडला ते कोणीच सांगू शकत नाही.

निगा साधी आहे. आपल्या मुरुमाची धूळ आणि काळ्या मातीचा चिखल हे सीलचे शत्रू. फिरून आल्यावर नळ्या मऊ फडक्याने पुसाव्यात. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली सील धरू नये, नळीवर इंजिन ऑइल चोपडू नये. साधारण ५० तास चालवल्यावर चिमट्याचे खालचे तेल बदलावे. आणि एक कळकळीचे सांगणे : मागचा शॉक घरी खोलू नका. त्यात दाबाखालचा वायू असतो. तो सुटला तर डोळा किंवा हात जाऊ शकतो. ते काम जाणकाराचे.

मग ज्यांच्याकडे साधी ‘डबल शॉकअप’ सायकल आहे त्यांनी काय करावे? तिच्यात बहुधा नुसती स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. म्हणून ती डोलते आणि पायडलचा जोर खाते. शाळेसाठी सपाट रस्त्याने जाणाऱ्या मुला-मुलीला बिनशॉकअपची, हलकी आणि चांगल्या ब्रेकची सायकल अधिक बरी. डबल शॉकअप आहे म्हणून घाट वेगाने उतरावा, असे तिच्या जिवावर कोणी करू नये. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपवर मात्र बहुधा खाचांची कडी असते. मागे माणूस बसणार असेल तर ती दोन खाचा वर घ्यावी. उतारावर आणि रात्री दिव्याच्या झोतातही फरक दिसेल.

या खेळाला आता आपल्या देशातही मान मिळतो आहे. १९९६ पासून माउंटन बाइकची क्रॉसकंट्री शर्यत ऑलिंपिकमध्ये आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. आपल्या डोंगरातल्या पोरांनी तिकडे पाहावे, जरूर पाहावे. सरावासाठी गावाबाहेरच्या टेकड्या, पांदणी पुष्कळ आहेत. ज्ञानगंगा, लोणार, अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे चाक घालू नये. वाहतुकीच्या घाटात शर्यत लावू नये, हे तर सांगायलाच नको.

शेवटी एवढेच. शॉकअप कितीही महाग असो, त्याला तुमचे वजन, तुमचा रस्ता आणि तुमचा ऋतू शिकवावा लागतो. त्याला लागते ती एक पट्टी, एक वही, एक सोबती आणि अर्ध्या तासाची सवड. एवढे केले, की उतारावर ब्रेक दाबाल तेव्हा चाक जमिनीवर असेल.