मिरची-मसालेयुक्त स्टाउट

मिरची-मसालेयुक्त स्टाउट ही मिरची, दालचिनी, व्हॅनिला, कोको यांसारखे पदार्थ घालून तयार केलेली गडद रंगाची, दाट आणि बहुधा तीव्र मद्यांशाची बिअर होय. मोड आणून खरपूस भाजलेल्या सातूमुळे (जव) तिला काळपट रंग आणि कॉफी व कडू चॉकलेटची आठवण करून देणारा स्वाद येतो. मिरचीचा तिखटपणा ही चव नसून दाहाची संवेदना आहे. त्यामुळे या पेयाचा आस्वाद घेण्याची रीत साध्या बिअरपेक्षा वेगळी ठरते.

पार्श्वभूमी

स्टाउट हा पोर्टर या इंग्रजी बिअरपासून विकसित झालेला प्रकार आहे. अठराव्या शतकात लंडनहून बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला जाणाऱ्या तीव्र स्टाउटवरून पुढे 'इम्पीरियल स्टाउट' हे नाव रूढ झाले. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून मेक्सिकोत कोको आणि मिरची एकत्र वापरण्याची परंपरा युरोपीयांच्या आगमनापूर्वीची आहे. त्या परंपरेच्या प्रेरणेने अमेरिकेतील लहान बिअर-उत्पादकांनी मसालेदार इम्पीरियल स्टाउट लोकप्रिय केली. फ्लोरिडा राज्यातील सिगार सिटी या उत्पादकाची 'हुनाहपू' ही सुमारे ११ टक्के मद्यांशाची बिअर तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्यात कोको, व्हॅनिला, दालचिनी आणि आंचो व पासिया या वाळवलेल्या मिरच्या असतात.

घटक व निर्मिती

मिरची व मसाले बहुधा मुख्य किण्वन पूर्ण झाल्यावर घालतात. आधी घातल्यास त्यांचा सुगंध उकळण्यात आणि कर्बवायूबरोबर उडून जातो. मिरचीतील कॅप्सायसिन हे दाहक द्रव्य बियांत नसून मुख्यतः बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असते. शिरा काढून टाकल्यास रंग व सुगंध राहून तिखटपणा कमी होतो. ब्याडगीसारखी गडद रंगाची, कमी तिखट मिरची या दृष्टीने सोयीची असते.

मराठवाड्यातील काळा मसाला आणि स्टाउट यांच्या स्वादात एक साम्य आहे: दोन्हींचा खमंगपणा भाजण्याच्या क्रियेतून येतो. तथापि तयार काळा मसाला बिअरमध्ये घालता येत नाही. त्यातील सुके खोबरे, तीळ आणि तेल यांच्यातील स्निग्धांशामुळे बिअरचा फेस मोडतो. त्यामुळे दालचिनी, लवंग, मिरे असे कोरडे मसालेच वापरावे लागतात.

तिखटपणाचे स्वरूप

आयुर्वेदातील सहा रसांत तिखटाचा समावेश 'कटु' या नावाने होतो, तर कडू चवीला 'तिक्त' म्हणतात. मराठीतील 'कडू' हा शब्द मात्र 'कटु'पासूनच आला असल्याने या संज्ञांबाबत अनेकदा गोंधळ होतो. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी याच पाच मूलभूत चवी मानते. कॅप्सायसिन उष्णता व वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहकाला उद्दीपित करते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. उष्णता व स्पर्शाच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मद्यार्क याच ग्राहकाला अधिक संवेदनशील बनवतो आणि बिअरमधील कर्बवायूही जिभेला झोंबतो. म्हणून बिअरने तिखट शमते हा समज बरोबर नाही. कॅप्सायसिन पाण्यातही फारसे विरघळत नाही. दूध, दही किंवा ताक यांतील केसीन हे प्रथिन मात्र ते जिभेवरून सुटण्यास मदत करते.

आस्वाद

ही बिअर बर्फासारखी थंड न करता सुमारे १० ते १३ अंश सेल्सियस तापमानाला, तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या लहान पेल्यातून चाखतात. फार थंड असल्यास सुगंध दबतो. प्रथम रंग व फेस पाहतात, मग वास घेतात. पहिल्या लहान घोटात भाजलेल्या सातूची कडवट-गोड चव आणि नंतर मसाले जाणवतात. मिरचीचा दाह काही क्षणांनी घशाशी उमटतो आणि टिकून राहतो. लागोपाठ घेतलेल्या घोटांनी तो साचत जातो. म्हणून दोन घोटांमध्ये थांबणे आवश्यक असते. दाहाने सातूचा स्वाद पूर्णपणे झाकला गेल्यास मिरचीचे प्रमाण चुकले असे समजतात.

मद्यांश व कायदा

गडद रंग म्हणजे अधिक मद्य हा समज चुकीचा आहे. अनेक साध्या स्टाउटमध्ये मद्यांश ५ टक्क्यांहून कमी असतो. भारतात 'स्ट्राँग' हा शब्द केवळ मद्यांश दर्शवतो आणि त्या नावाने विकली जाणारी बिअर बहुतांशी फिकट लागर असते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअर 'स्ट्राँग' ठरते. त्यामुळे परदेशी इम्पीरियल स्टाउटची पूर्ण तीव्रता भारतीय बिअरच्या व्याख्येत बसत नाही.

११ टक्के मद्यांशाच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे ३६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ३२.५ मिलिलिटर, म्हणजे त्याहून कमी असतो. मिरचीच्या दाहामुळे मद्याची ऊब वेगळी ओळखू येत नाही आणि घेतलेल्या प्रमाणाचा अंदाज चुकण्याचा धोका राहतो. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना मिरची व मद्य हे दोन्ही अपायकारक ठरू शकतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्यसेवनासाठी परवाना लागतो व किमान वयाची अट आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहत हे मराठवाड्यातील बिअर-उत्पादनाचे मोठे केंद्र असले, तरी तेथे मुख्यतः लागर तयार होते. जागेवरच बिअर तयार करून देणारे छोटे व्यवसाय राज्यात पुण्यातून पसरले. 'डूलाली' २००९ मध्ये तेथेच सुरू झाली. जालना जिल्ह्यात तीर्थपुरीचा परिसर उसासाठी, तर भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. गडद बिअरसाठी मात्र हिरव्या मिरचीपेक्षा वाळवलेली किंवा धुरावलेली मिरची अधिक योग्य ठरते, कारण हिरवीचा ताजा, गवतासारखा वास भाजलेल्या सातूशी जुळत नाही.