सेनापतीचे धैर्य आणि सेनापतीचे उत्तरदायित्व

सैनिकाचे शौर्य ओळखावयास फारसे प्रयास पडत नाहीत. गोळ्यांच्या वर्षावात जो पुढे सरसावतो, त्याचे शौर्य सर्वांना दिसते. सेनापतीचे धैर्य निराळ्या जातीचे असते. त्याची कसोटी रणांगणापेक्षा नकाशा पसरलेल्या मेजापाशी अधिक लागते. पुढे जावयाचे की थांबावयाचे, हे त्याला ठरवावे लागते आणि त्या निर्णयाची किंमत बहुधा इतरांना मोजावी लागते. अशा निर्णयाचा जाब कोणी आणि कसा विचारावा, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रापुढे नेहमीच उभा असतो. हैदराबादच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधण्याजोगे पुष्कळ आहे.

1948 सालचा उन्हाळा आठवावा. निजामाशी 29 नोव्हेंबर 1947 रोजी झालेला जैसे थे करार नावापुरता उरला होता. कासीम रझवीच्या रझाकारांनी संस्थानात धुमाकूळ घातला होता. उस्मानाबाद, बीड, नांदेडकडची हजारो कुटुंबे घरदार सोडून सोलापूर, बार्शी, नगर अशा सरहद्दीपलीकडच्या गावांच्या आश्रयाला आली होती. कराचीहून विमानाने चोरट्या वाटेने शस्त्रे येत होती. लष्करी कारवाईचा आराखडा दक्षिण विभागाचे तत्कालीन प्रमुख जनरल गॉडर्ड यांनी आधीच तयार केला होता : मुख्य चढाई पश्चिमेस सोलापुराकडून, दुसरी पूर्वेस विजयवाड्याकडून आणि इतर बाजूंनी लहान तुकड्या. आराखडा होता, सैन्य होते. उणीव होती ती निश्चयाची.

भारताचे सरसेनापती त्या वेळी जनरल रॉय बुचर हे होते. शेवटच्या घटकेपर्यंत त्यांचा कल कारवाई लांबणीवर टाकण्याकडे होता. त्यांची कारणे पोकळ नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सैन्याचा मोठा भाग काश्मीरमध्ये गुंतला होता. दक्षिणेत चढाई केल्यास देशभर जातीय दंगे उसळतील, मुंबईसारख्या शहरावर हवाई हल्ला होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. राज्यकर्त्यांपुढे धोका मांडणे हे सेनापतीचे कर्तव्यच आहे. जो सेनापती सत्ताधाऱ्यांना रुचेल तेवढेच सांगतो, तो शूर नव्हे, केवळ आज्ञाधारक होय.

मग चूक कोठे होते? धोक्याचा हिशेब एकाच बाजूने मांडला जातो, तेथे होते. चढाई केली तर काय बिघडेल याची यादी लांबलचक असते. चढाई न केल्यास काय बिघडेल याचे पान मात्र कोरे राहते. ह्याचे कारण मनुष्यस्वभावातच आहे. फसलेल्या चढाईवर सेनापतीचे नाव कोरले जाते. न केलेल्या चढाईवर कोणाचेच नाव नसते. तिची हानी सरहद्दीवरच्या खेड्यांत विखुरते, जळालेल्या घरांत आणि निर्वासितांच्या छावण्यांत जिरून जाते. लष्कराच्या खतावणीत ती खर्ची पडत नाही. अशा हिशेबात थांबणे हेच नेहमी स्वस्त दिसते. पद जितके उच्च, तितका हा मोह प्रबळ. कारण गमावण्यासारखे अधिक असते.

हैदराबादच्या बाबतीत कोरे पान भरण्याचे काम सरदार पटेलांनी केले. विलंबाची किंमत त्यांनी हिशेबात धरली आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. 13 सप्टेंबरच्या पहाटे सैन्य सोलापुराहून निघाले. बोरी नदीवरील पूल शत्रूने उडवून देण्यापूर्वीच हाती आला आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडले. 17 सप्टेंबरला सायंकाळी निजामाने युद्ध थांबविल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. भाकीत केलेला हवाई हल्ला झालाच नाही. पराभूत पक्षात मग नेहमीचाच प्रकार घडला. निजामाचे पंतप्रधान लायक अली यांनी पाकिस्तानात गेल्यावर 1962 साली पुस्तक लिहिले आणि अपयशाचे खापर बऱ्याच अंशी आपल्याच सेनापतीवर फोडले.

विजयानंतर मात्र दुसरा आणि अधिक अवघड हिशेब सुरू होतो. चौधरी हे डिसेंबर 1949 पर्यंत हैदराबादचे लष्करी प्रशासक होते. चढाईच्या पाठोपाठ संस्थानाच्या अनेक भागांत सूडाची लाट उसळली आणि निरपराध मुसलमान तिला बळी पडले. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने संस्थानभरच्या मृतांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या घरात जाईल, असा अंदाज केला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही मराठी मुलखाची नावे होती. लुटालुटीत काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील झाले, असा त्या मंडळाचा निष्कर्ष होता. सरदार पटेलांना हे निष्कर्ष मान्य नव्हते. वाद उघड्यावर झाला असता तर खरेखोटे निवडता आले असते. तसे न होता अहवाल दप्तरात पडून राहिला आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला, तो 2013 साली. रणांगणावर गमावलेल्या ठाण्याचा जाब विचारला जातो. जिंकलेल्या मुलखातील माणसांच्या रक्षणाचा जाब तितक्या तत्परतेने विचारला जात नाही.

ह्या कथेचा उत्तरार्ध सतरा वर्षांनंतरचा आहे. 1965 च्या युद्धात हेच चौधरी भारताचे लष्करप्रमुख होते आणि संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. खेमकरणच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाड्यांचा लोट येताच चौधरींनी पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्ष सिंग यांना बियास नदीमागे हटण्याचे सुचविले. हरबक्ष सिंग यांनी ते मानले नाही. आसल उत्तरच्या लढाईत शत्रूचे इतके पॅटन रणगाडे निकामी झाले की, ते जेथे गोळा केले त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. चव्हाणांच्या त्या दिवसांतील टिपणांत लष्करप्रमुखांच्या डळमळलेल्या मनःस्थितीची नोंद आहे. त्यांनी प्रत्यक्ष आघाडीवर जावे, असे चव्हाणांनी सुचविले. युद्धविरामाचा विचार चालू असता पंतप्रधान शास्त्रींना सांगण्यात आले की, दारूगोळा बराचसा संपत आला आहे. आघाडीचा दारूगोळा अवघा 14 टक्क्यांच्या आसपास खर्च झाला होता, असे संरक्षण खात्याच्या इतिहासात पुढे नमूद झाले.

सोलापुराहून धडाक्याने निघालेला सेनानी पुढे इतका सावध का झाला? भ्याडपणा हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. 1948 साली शत्रू दुर्बल होता आणि निर्णयाचा भार वर कोणीतरी उचलला होता. 1965 साली प्रतिस्पर्धी तुल्यबळ होता, भार स्वतःवर होता आणि पाठीशी 1962 चा पराभव होता. त्याच पराभवानंतर जनरल थापर यांना पद सोडावे लागले आणि चौधरी त्या जागी आले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार. 1962 च्या अपयशाची चौकशी चौधरींनीच हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांच्याकडे सोपविली होती. तिचे सार चव्हाणांनी सप्टेंबर 1963 मध्ये लोकसभेत सांगितले. मूळ अहवाल मात्र सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. ज्या चौकशीतून पद जाते पण धडा उघड होत नाही, तिच्यापासून पुढचे अधिकारी एवढेच शिकतात की, आपले नाव कोणत्याही धोक्याशी जोडले जाऊ नये.

म्हणून उत्तरदायित्व म्हणजे केवळ शासन नव्हे. अपयश आले की शिक्षा आणि यश आले की माळा, ही पद्धत सेनापतीला फक्त फलाकडे पाहावयास शिकविते. विचारावयाचे ते हे : निर्णयाच्या वेळी कोणती माहिती हाती होती? दोन्ही बाजूंचे धोके मांडले होते काय? सल्ला लेखी होता काय? थांबण्याची किंमत कोण मोजणार, याचा विचार झाला होता काय? ह्या कसोटीला उतरलेला सेनापती हरला तरी त्याला अभय असावे. न उतरलेला जिंकला तरी त्याला प्रश्न विचारले जावेत.

दर वर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो. ज्या खेड्यांनी विलंबाची किंमत मोजली आणि ज्यांनी विजयानंतरच्या बेबंदशाहीची किंमत मोजली, ती पुष्कळदा एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर होती. ह्या दोन्ही प्रकारच्या खेड्यांना आपल्या सेनापतींकडे हिशेब मागण्याचा सारखाच अधिकार आहे.