बास्केटबॉलमधील ‘बॅककोर्ट’चा नियम : शिट्टी नेमकी केव्हा वाजवावी?

बास्केटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यात शेवटची काही सेकंदे उरलेली असताना चेंडू मध्यरेषा ओलांडून मागे जातो. प्रेक्षक ‘बॅककोर्ट’ असा ओरडा करतात आणि पंचांची शिट्टी वाजते. मात्र चेंडू रेषेमागे गेला म्हणजे नियमभंग झाला, असे आंतरराष्ट्रीय नियमावली कोठेही म्हणत नाही. चुकीच्या शिट्टीमुळे एका संघाच्या हातचा चेंडू जातो आणि कधी कधी सामनाही जातो. म्हणूनच या नियमाची नेमकी मांडणी पंचांनी, प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी समजून घेणे आवश्यक आहे.

मैदानाची विभागणी

मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. संघ ज्या बास्केटचा बचाव करतो, त्या बाजूचा अर्धा भाग हे त्या संघाचे बॅककोर्ट, तर ज्या बास्केटवर तो आक्रमण करतो, ती बाजू त्याचे फ्रंटकोर्ट होय. मध्यरेषा बॅककोर्टचाच भाग मानली जाते. त्यामुळे फ्रंटकोर्टमधील खेळाडूची टाच रेषेला टेकली, तरी तो बॅककोर्टमध्ये आहे असे धरले जाते.

जेम्स नैस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ सुरू केला, तेव्हा असे बंधन नव्हते. आघाडीवरील संघ संपूर्ण मैदानभर चेंडू फिरवत वेळ काढू लागल्याने १९३२ मध्ये तेथे मध्यरेषा आणि १० सेकंदांची मर्यादा आली. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिबा’ने, २००० मध्ये ही मर्यादा ८ सेकंदांवर आणली. २४ सेकंदांच्या घड्याळात १६ हा आकडा दिसला आणि चेंडू अद्याप बॅककोर्टमध्येच असेल, तर नियमभंग ठरतो.

चेंडू पुढे गेला, असे केव्हा मानावे?

ड्रिबल करत मध्यरेषा ओलांडणाऱ्या खेळाडूचे दोन्ही पाय आणि चेंडू हे तिन्ही फ्रंटकोर्टला टेकल्याशिवाय चेंडू पुढे गेला असे मानले जात नाही. एक पाय पुढे आणि एक मागे असताना खेळाडूने ड्रिबल करत माघार घेतली, तर तो नियमभंग नाही. मात्र ८ सेकंदांची मोजणी चालूच राहते.

तीन प्रश्नांची कसोटी

शिट्टी वाजवण्यापूर्वी पंचाला तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. फ्रंटकोर्टमध्ये चेंडूवर संघाचा ताबा होता काय? चेंडू मागे जाण्यापूर्वी फ्रंटकोर्टमध्ये त्याला शेवटचा स्पर्श त्याच संघाच्या खेळाडूचा होता काय? त्यानंतर पहिला स्पर्शही त्याच संघाच्या, बॅककोर्टमध्ये असलेल्या खेळाडूने केला काय, किंवा चेंडू बॅककोर्टला टेकल्यानंतर त्याच संघाने त्याला स्पर्श केला काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच नियमभंग होतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चुकलेला पास मध्यरेषेमागे घरंगळत जात असताना पंचाने थांबायचे असते. तो चेंडू प्रतिस्पर्ध्याने आधी पटकावला, तर खेळ पुढे चालू राहतो आणि त्याला थेट बास्केटकडे धावण्याची संधी मिळते. घाईने वाजवलेली शिट्टी नेमकी हीच संधी हिरावून घेते.

संभ्रमाचे प्रसंग

बचाव करणाऱ्या खेळाडूने हात मारून चेंडू मागे ढकलला आणि आक्रमक संघाने तो बॅककोर्टमध्ये जाऊन घेतला, तर खेळ वैध आहे, कारण शेवटचा स्पर्श प्रतिस्पर्ध्याचा होता. तेथून नव्याने ८ सेकंदे मोजली जातात. २४ सेकंदांचे घड्याळ मात्र पुढेच चालते.

बॅककोर्टमधून टाकलेला पास फ्रंटकोर्टमध्ये उभ्या असलेल्या पंचाला लागून परत मागे आला आणि त्याच संघाने घेतला, तरीही नियमभंग नाही. पंच ज्या जागी उभा आहे, त्या जमिनीचाच भाग मानला जातो. त्यामुळे चेंडू पुढे गेल्याचे धरले जाते, परंतु त्या संघाच्या खेळाडूने फ्रंटकोर्टमध्ये चेंडूला स्पर्श केलेला नसतो.

फ्रंटकोर्टमधून उडी घेऊन हवेतच प्रतिस्पर्ध्याचा पास अडवणारा खेळाडू चेंडूसह आपल्या बॅककोर्टमध्ये उतरला, तर ते चालते. मात्र जमिनीवर उतरण्यापूर्वी त्याने बॅककोर्टमधील सहकाऱ्याला पास दिला, तर ही सवलत लागू होत नाही.

पंचांची जागा आणि संकेत

दोन पंच असताना मध्यरेषेची मुख्य जबाबदारी आक्रमणाच्या मागे राहणाऱ्या पंचाकडे असते. नियमभंग दिसताच तळहात उघडा ठेवून हात उंचावायचा, घड्याळ थांबवायचे आणि मग शरीरासमोर हात हलवून चेंडू मागे नेल्याचा संकेत द्यायचा, असा क्रम आहे. चेंडू प्रतिस्पर्धी संघाला नियमभंगाच्या सर्वांत जवळच्या जागेवरून, पण बास्केटच्या फळ्याच्या थेट मागची जागा वगळून, आत टाकण्यासाठी दिला जातो.

अमेरिकेतील शालेय सामन्यांत आजही १० सेकंदांची मर्यादा आहे. परदेशी चित्रफिती पाहून खेळ शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ होण्याचे हे एक कारण आहे. भारतातील स्पर्धांसाठी फिबाची नियमावलीच प्रमाण मानली जाते.

मुंबईतील नागपाडा असो, नागपूर असो वा कावेरीकाठचे कुंभकोणम, शालेय आणि स्थानिक सामन्यांत चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय सहसा नसते. तेथे पंचाचा डोळाच अखेरचा पुरावा ठरतो. त्यामुळे चेंडू कोठे आहे यासोबत त्याला शेवटचा आणि पहिला स्पर्श कोणाचा झाला, हे पाहण्याची सवयच पंचाला योग्य निर्णयाप्रत नेते.