तिसऱ्या पिनमागे काय आहे?

“फ्रिज उघडायचा तर चप्पल घालून उघड,” असे आपल्या कितीतरी घरांत मुलांना सांगितले जाते. “मशीनला जरा करंट येतो, ओला हात लावू नकोस,” हे नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कळते. या सूचना इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांत कुणाला धोका दिसत नाही. पण हाताला येणाऱ्या त्या मुंग्यांचा अर्थ सरळ आहे: उपकरणातून वीज गळते आहे आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. मग ती आपल्या शरीरातून वाट काढते.

ही वाट करून देणे म्हणजेच अर्थिंग. फ्रिज, गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन अशा धातूचे अंग असलेल्या उपकरणांच्या प्लगला तीन पिना असतात. वरची पिन लांब आणि जाड असते. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकून फेजच्या छिद्रात शिरू नये. तिच्यापासून निघालेली हिरवी वायर बोर्डातून मेन स्विचपर्यंत आणि तिथून जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत किंवा प्लेटपर्यंत जाते. उपकरणाच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज याच वायरीने जमिनीत उतरते.

अडचण अशी की बोर्डावर तिसरे छिद्र दिसते, पण त्यामागे वायर आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत पुष्कळदा ते छिद्र रिकामेच असते. कुठे हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे तुटलेली असते. काही ठिकाणी ती नळाच्या पाइपला बांधलेली असते. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे झाले, त्यामुळे ती वीज जमिनीत न जाता शेजारच्या नळाला उतरू शकते. सर्वांत घातक प्रकार म्हणजे बोर्डातच अर्थचे टोक न्यूट्रलला जोडणे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चांगल्या उपकरणाचाही पत्रा २३० व्होल्टचा होतो.

“आमच्याकडे एमसीबी आहे,” असे अनेक जण निश्चिंतपणे सांगतात. एमसीबी वायरिंगला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नव्हे. हिशेब पाहा. भिजलेल्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे पाव अँपिअर वीज वाहते. सुमारे १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि पाव अँपिअर हृदयाची लय बिघडवायला पुरेशी असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र एवढ्याची दखलही नसते. जमिनीतला पाइप कोरडा पडून त्याचा विरोध २० ओहमवर गेला असेल, तर अर्थिंग असूनही जेमतेम साडेअकरा अँपिअर वीज जाईल. एमसीबी पडणार नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहील.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा. फेजने जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलने परत आली का, हे तो सतत मोजतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा फरक पडला की सेकंदाच्या काही अंशांत तो पुरवठा तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही, तर तो बदलावा. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र तो वाचवू शकत नाही. आणि तो वारंवार पडतो म्हणून “काढून टाका” असे वायरमनला सांगू नये. गळती कुठे आहे ते शोधायला सांगावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर त्याची लाइन आरसीसीबीच्या संरक्षणात राहते का, हेही विचारून घ्यावे.

घराइतकीच ही बाब मशिदीची आहे. वुजूखान्यात माणूस अनवाणी असतो, हातपाय ओले, फरशी ओली. तिथेच पाण्याची मोटर, थंड पाण्याचा स्टीलचा कूलर आणि हिवाळ्यात फजरच्या वेळी गीझर. विजेला याहून सोपी वाट कुठे मिळणार? ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत रंगकामाआधी अर्थिंग आणि आरसीसीबी तपासणीचा विषय घ्यावा, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. मिलादच्या रोषणाईच्या माळा लोखंडी जाळीला आणि खांबांना बांधतानाही हेच ध्यानात ठेवायला हवे. तवक्कुल म्हणजे हाती असलेला उपाय करून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे. उपाय टाळण्याला तवक्कुल म्हणत नाहीत.

तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटला अर्थ पोहोचतो का आणि जमिनीतील अर्थिंगचा विरोध किती आहे, हे मोजायला सांगा. पाइपाभोवतीचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घाला. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा जोड घरात ठेवू नका. घर भाड्याचे असेल, तर घरमालकाशी स्पष्ट बोला.

कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. श्वास थांबला असेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा.

आणि दुरुस्तीसाठी पुढच्या पगारापर्यंत थांबावे लागणार असेल, तर तोवर ते उपकरण बंद ठेवा. चप्पल म्हणजे अर्थिंग नव्हे.