समाजआरती आणि लोकशाही

आषाढी एकादशीचा पर्वकाळ आला की अवघ्या महाराष्ट्राचे चित्त चंद्रभागेच्या वाळवंटाकडे धाव घेते. ज्यांना वारी घडते ते धन्य होत; ज्यांना घडत नाही ते घरीच उपवास करून, विठ्ठलचरणी तुळस वाहून समाधान मानतात. या पुण्यदिनी वारीच्या एका अंगाकडे भाविक वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. लोकशाही राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. परंतु लोकशाहीस जी मनोवृत्ती लागते तिचे धडे वारकरी समाज त्याच्या कितीतरी आधीपासून गिरवीत आला आहे.

श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यास हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त घालून दिली. प्रत्येक दिंडीचे स्थान ठरलेले, प्रत्येकीचा वीणेकरी निराळा. सायंकाळी पालखी तळावर येते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात आणि समाजआरतीची वेळ होते. चोपदार चोप उंचावतो, तोच हजारो टाळ एकदम शांत होतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपला टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, त्याचे निवारण होते. मगच आरती सुरू होते. हरवल्या-सापडल्या वस्तूही तेथेच पुकारल्या जातात. एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी अवघा समाज देवाची आरती थांबवितो, ही गोष्ट सामान्य नव्हे. बहुमताच्या राज्यात अल्पांचे म्हणणे कसे ऐकावे, याचा वस्तुपाठच तेथे रोज मिळतो.

तथापि, सत्य सांगावयाचे तर एक टाळ शतकानुशतके वाजत राहिला आणि त्याकडे समाज वळला नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांच्या ज्ञातिबांधवांना त्या द्वारातून आत जाण्यास मज्जाव होता. वाळवंटात एकमेकांच्या पायां पडणारे भाविक देवळाच्या पायरीशी मात्र वेगळे होत. हे गाऱ्हाणे साने गुरुजींनी आपले मानले. महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध करणारे भाविक होते, तसे आसरा देणारेही भाविकच होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. मंदिराच्या व्यवस्थेसाठी १९७३ साली कायदा झाला, आणि बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निर्णयाने मिटला.

येथे आणखी एका इशाऱ्याचे स्मरण आवश्यक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणातील व्यक्तिपूजा मात्र अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. भाविक घरांनी हे विशेष ध्यानी धरावे. मस्तक ठेवण्यास आपल्याला विठ्ठलाचे चरण आहेत. पुढाऱ्यापुढे ते ठेवण्याचे प्रयोजन काय? ज्याचा देव विटेवर उभा आहे, त्याने पुढाऱ्यास प्रश्न विचारण्यास कचरू नये.

कायद्याने दार उघडते, मन उघडणे समाजाच्या हाती असते. गावच्या मंदिराच्या विश्वस्त मंडळात, सप्ताहाच्या पंगतीत, पालखीच्या खांद्यात सर्वांना स्थान आहे ना, स्त्रियांचे म्हणणे ऐकले जाते ना, हे प्रत्येक भजनी मंडळाने स्वतःस विचारावे. उद्या द्वादशीचे पारणे सोडताना, आपल्या गावात कोणाचा टाळ अजून वाजतो आहे, एवढे कान देऊन ऐकण्याची बुद्धी आम्हां सर्वांस व्हावी, हेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.