अग्निशमन दल, स्वयंसेवी
वेतन न घेता किंवा नाममात्र मानधनावर आग विझविण्याचे व संकटग्रस्तांच्या सुटकेचे काम करणाऱ्या स्थानिक नागरिकांची संघटना. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांच्या पुढाकाराने १७३६ मध्ये ‘युनियन फायर कंपनी’ हे स्वयंसेवी दल स्थापन झाले. सिनसिनॅटीने १८५३ मध्ये पगारी दल उभारले व पुढे इतर मोठ्या शहरांनीही तोच मार्ग स्वीकारला. लहान गावांत मात्र खर्चाच्या दृष्टीने स्वयंसेवी पद्धतीच टिकून राहिली.

अशा गावांच्या परिसरात नळाचे पाणी सर्वत्र पोहोचलेले नसते. त्यामुळे पाणी वाहनांतूनच न्यावे लागते. पंपगाडीवर पंप, लवचिक नळ, शिड्या आणि सामान्यतः १,९०० ते ३,८०० लि. पाणी असते. मोठ्या झोताने हा साठा काही मिनिटांतच संपतो. म्हणून टाकीगाड्या तळ्यातून किंवा नदीतून भरून आणलेले पाणी आगीजवळ मांडलेल्या घडीच्या हौदात ओततात व पंपगाडी ते तेथून ओढून घेते. गवत व झुडपांच्या वणव्यांसाठी चारही चाकांना चालना असलेली हलकी गाडी उपयोगी पडते.

वाहने सज्ज असली, तरी हातातील काम सोडून येणारी प्रशिक्षित माणसे नसल्यास त्यांचा उपयोग होत नाही. अमेरिकेतील स्वयंसेवकांची अंदाजित संख्या १९८४ मध्ये ८,९७,७५० होती. ती २०२० मध्ये ६,७६,९०० पर्यंत घटली.