पोच्याचा काठ

गाडीच्या दाराला पोचा पडला की आपण खड्डा बघतो. पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गल्लीत मला भेटलेले मिस्त्री आधी खड्ड्याचा काठ बघतात. रंग न खरवडता पोचे काढतात तो प्रकार बघून या, एवढंच सांगून संपादकांनी मला धाडलं होतं. गेलो सक्शन कप बघायला. गुंतलो त्या काठात.

डेंटिंगची जुनी रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. आतून डॉली धरून पत्रा ठोकायचा, हात पोचत नसेल तिथे वरून स्टड वेल्ड करून ओढायचा, मग लांबी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा. गाडी काही दिवस अडकते आणि कारखान्यात चढलेला मूळ रंग जातो तो कायमचा. या रंगाचे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. तो वाचवण्यासाठीच कप.

कपाचा सगळा जोर हवेचा. दाबला की आतली हवा निसटते आणि बाहेरची हवा त्याला पत्र्याशी जखडून ठेवते, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. 12 सेंटिमीटर व्यासाच्या कपाला हिशोबानं शंभर किलोंहून जास्त ओढ पेलायला हवी. पण हातानं दाबलेल्या कपात थोडी हवा राहतेच, त्यामुळे प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते. सतराव्या शतकात माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनी आतली हवा काढलेल्या दोन अर्धगोलांना घोडे जुंपून हाच जोर जगाला दाखवला होता. इतिहास इतका पुरे, कारण दार समोर उभं होतं.

मिस्त्रींनी दार धुतलं, पुसलं आणि पट्ट्यापट्ट्यांचा एलईडी दिवा त्याच्याशी तिरका लावला. सपाट भागावर पट्ट्या सरळ दिसत होत्या. पोच्यात त्या आत वळल्या, आणि खड्ड्याभोवती उलट्या दिशेनं फुगल्या. हा फुगवटा नुसत्या डोळ्यांना दिसला नव्हता. बोट फिरवल्यावर मात्र लागला.

सगळी अडवणूक त्या फुगवट्याची असते. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 मिलिमीटरचा. धक्का बसला की मधला भाग नुसता दबतो. त्याला परत यायचं असतं. काठाशी पत्रा मर्यादेपलीकडे वाकलेला असतो आणि वाकताना कडक झालेला असतो. पुण्यातले तांबट मठारकाम करतात तेव्हा ठोक्यांनी तांब्यात हाच कडकपणा मुद्दाम आणतात. इथे तो नको तिथे आलेला असतो आणि मधल्या भागाला कुलपासारखा अडकवून ठेवतो. हे न जाणता कप लावून हिसका मारला की खड्डा अर्धवट वर येतो, काठ तसाच राहतो आणि दार कायमचं लाटांचं होतं.

मिस्त्रींनी एका हातानं कप ताणून धरला, तोही अगदी बेतानं. मदतनीस पोरानं नायलॉनची खुंटी काठावर टेकवून हलक्या हातोडीनं ठोके घालायला सुरुवात केली. ठोक्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. एका क्षणी ‘डब्ब’ झालं आणि मधला भाग आपणहून बाहेर आला. जोर किती लावायचा हे कुठल्याही मापात बसत नाही. मिस्त्री ते कानानं आणि मनगटानं ठरवतात, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

उरलेल्या बारीक खळग्यांना कप चालत नाही. खळग्यापेक्षा कप मोठा असला तर आजूबाजूचा चांगला पत्राच ओढला जातो. तिथे गरम गोंदानं प्लॅस्टिकची छोटी टिकली चिकटवून ओढतात आणि नंतर स्पिरिट सोडून गोंद सुटा करतात.

आता अडचणी, आणि त्या वाढतच चालल्या आहेत. दाराची कड दुहेरी मुडपलेली असते, तिथे कप निष्प्रभ. धारदार घडी पडली तर पत्रा ताणलेला असतो. तो जास्तीचा पत्रा जिरवायला जागाच नसते. अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट पोलादासारखं सहज परतत नाही. दाराला आधी कधी गॅरेजमध्ये रंग मारलेला असेल तर गोंदाबरोबर तो सालीसारखा निघू शकतो, म्हणून मिस्त्री आधी रंगाची जाडी मापतात आणि संशय आला तर काम घेत नाहीत.

दुसरीकडे विम्याचं गणित लोकांना मिस्त्रींकडेच ढकलतं. वर्षभर क्लेम न घेणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ती 50 टक्क्यांवर जाते; एका पोच्यासाठी ती कोण घालवेल? मग लोक स्वस्तातला कप मागवून घरीच खेचून बघतात. जमलं नाही की गाडी इथे येते, तेव्हा काठ आणखी कडक झालेला असतो आणि मध्ये नवा उंचवटा आलेला असतो. अशी दारं दुरुस्त करायला मूळ पोच्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे मागितले की गिऱ्हाईक वाद घालतं.